कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पुढे कोण उभं असतं?

मंडळी, नमस्कार. इथे परदेशातही धुळे-जळगाव-नंदुरबारची बरीच माणसं समोर दिसताहेत, म्हणून डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीबद्दल आडपडदा न ठेवता बोलतो.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला, म्हणजे पुढचं शिक्षण घेत तिथेच काम करणाऱ्या डॉक्टरला, रुग्णाच्या नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. रुग्णाच्या डोक्याला मार होता, मेंदूचा सर्जन तिथे नव्हता. दुसरीकडे न्या, एवढंच तो सांगत होता. राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बाहेर पडले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हाही होताच, २०१० चा: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र.

माझी भाची तिकडेच एमबीबीएस करतेय. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना विचारलं, तुम्हाला काय हवं? मला वाटलं, बंदूकवाले रक्षक मागतील. रक्षक हवेतच म्हणाल्या, नातेवाइकांना पासही हवेत. पण त्यांचा खरा राग वेगळाच होता. बेड नाही, औषध बाहेरून आणा, पेशंट गेला, हे सांगायला पुढे इंटर्न नाहीतर ज्युनिअर. यातलं एकही त्या पोराच्या हातात नसतं. सिनिअर ऑपरेशन थिएटरमध्ये. समोर नंदुरबारमधल्या धडगावकडच्या घाटातून जीपने आलेलं, पावरी ही आदिवासी बोली बोलणारं घर, मागून दुसरंच कुणीतरी अहिराणीत ओरडतंय, “डाक्टर, मनी मायले काय व्हयनं?”

२०१९ पासून अभ्यासक्रमात नातेवाइकांशी कसं बोलावं तेही शिकवतात, एटकॉम म्हणतात त्याला. भाची हसली. “मामा, वर्गातल्या रोल-प्लेमध्ये कुणी कॉलर धरत नाही.”

त्यांच्यातली एक हुशार पोरगी पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाला, स्किन (त्वचारोग) घेणार आहे. का, तर रात्री मारायला कुणी येत नाही. मग अपघाताचा पेशंट बघायला उद्या उरणार कोण? मला तरी हे त्या मारहाणीइतकंच महागात पडणारं वाटतं.

आता आपलं सांगतो, राग मानू नका. गावी कुणी ॲडमिट झालं की आपण इथून फोन लावतो, “चार पोरं घेऊन जा, जाब विचार.” चाराची चाळीस कधी होतात, इथे बसून कळत नाही. त्यापेक्षा एकच शहाणा माणूस ठरवावा, डॉक्टरांशी बोलणं त्यानेच करावं. पोरींचीही मागणी हीच आहे.

त्या तिघी आत्ता ऑनलाइन आहेत. तिकडे अकरा वाजून गेलेत आणि एकीची सकाळी कॅज्युअल्टी ड्युटी आहे, तेव्हा प्रश्न थोडक्यात विचारा.