उतारावरचे फटाके

ऐका. मलबार हिलचा उतार, स्टिअरिंगला लावलेला गिअर दुसऱ्यावर, आणि एक्सलेटरवरून पाय काढला रे काढला की... फट्. फट्-फट्-फट्. बसस्टॉपवरची माणसं दचकून वळतात.

ही प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या फियाट ११००डी चं हे पुढचं नाव. १०८९ सीसी, चार सिलिंडर. ऑक्टोबर २०२३ संपता संपता पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. घरच्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे मालकही.

गिरगावातलं हे गॅरेज म्हणजे एक शटर. बाकी सगळं काम फुटपाथवर. मालकांचा संशय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर. तो सगळ्यांचाच असतो. स्क्रू हाताशी असतो, पिळला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि गाडी आणखी बिनसते.

मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतात, "काका, वाजते कधी? उभी असताना, चढावर, की पाय काढल्यावर?"

"पाय काढल्यावर."

निम्मं निदान इथेच झालं. पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, मिटतो, आत हवा तोकडी पडते, मिश्रण धड पेटत नाही आणि कच्चं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये उतरतं. पण पेटायला ऑक्सिजन हवा. पाइपच्या जोडाला फट असेल, तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा खेचली जाते. पाइप तापलेला असतोच. मग फटाका.

ही फट शोधायला इंजिन थंडच असू द्यायचं, कारण तापल्यावर लोखंड फुगतं आणि बारीक फट बुजते. गाडी चालू करून ओल्या फडक्याची घडी सायलेन्सरच्या तोंडावर काही सेकंद धरायची. आता कान इंजिनाकडे. फुस्, फुस्, फुस्... इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला पाइप जुळतो तिथून. बॅटरी मारून पाहिलं, तर फ्लँजच्या, म्हणजे जोडावरच्या चकतीच्या, कडेला काजळीचा काळा ओघळ. आतली पॅकिंग जळाली आहे.

फडक्याला काहीच सापडलं नसतं, तर पुढचा नंबर टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याचा. ठिणगी उशिरा पडली की धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो तेव्हाही आत जाळ चालूच असतो. प्लग पांढरा फटक असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी. कार्बोरेटरचा स्क्रू तेव्हा फिरवायचा. गाडी उभ्या उभ्या ठरावीक तालात वाजत असेल, तर एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढल्यावर इंजिनाला काही फरकच पडत नाही, तो सिलिंडर आळशी. प्लग आणि वायर ठीक निघाली, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं. व्हॉल्व उघडणारे टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होणारे मालक इथे फसतात: टॅपेट फार घट्ट असले की एक्झॉस्ट व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि हळूहळू जळतो. पावसाळ्यात मात्र आधी प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसा.

या गाडीला एवढं काही लागलं नाही. अडलं ते नटांपाशी. समुद्राच्या हवेनं ते असे गंजलेत, की जोर लावला तर नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटायचा. म्हणून रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरवलं. सकाळी नट सुटले, फ्लँज घासून साफ झाली, नवी पॅकिंग बसली.

"आता एक चक्कर मारून आणा," मिस्त्री म्हणतात, "आणि थंड झाली की परत या. नट पुन्हा आवळावे लागतील."