चार चौरस सेंटिमीटर कातडी

मे महिन्यातला गोवा. घामाने सदरा पाठीला चिकटतो, आपण तो सहज सोडवतो. एपिडर्मोलायसिस बुलोसा हा कातडीचा आजार घेऊन जन्मलेल्या मुलाची कातडी तेवढ्यानेही सोलवटते. शिवण काचू नये म्हणून आई सदरा उलटा घालते. निर्जंतुक सुईने फोड फोडायचा, न चिकटणारी पट्टी बांधायची, की दुसरीकडे नवा फोड. त्यात लोक विचारतात, कसला दोष लागला?

दोष जनुकात आहे. कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक लॅमिनिन-३३२. त्याचं जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेलंच आलं, तर या आजाराचा एक प्रकार होतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात. कुणाचीच चूक नसते.

२०१५. जर्मनीतलं बोखुम शहर. सात वर्षांच्या सीरियन मुलाच्या अंगावरची बहुतेक कातडी गेलेली. वडिलांची कातडी लावून पाहिली, शरीराने ती नाकारली. मग इटलीतल्या मोदेनाचे संशोधक मिकेले दे लुका यांना विचारलं गेलं. मुलाच्या जांघेपाशी फोड नसलेली थोडी जागा उरली होती. तिथून अवघी चार चौरस सेंटिमीटर कातडी घेतली. तिच्या पेशींत, विषाणूला वाहन म्हणून वापरून, निरोगी जनुक सोडलं, आणि त्या पेशींचे पापुद्रे वाढवले. शस्त्रक्रियांनी शरीराचा सुमारे ८० टक्के भाग त्यांनी झाकला. मुलगा शाळेत जाऊ लागला.

कातडी तर साधारण महिन्याभरात नवी होते. मग दुरुस्ती टिकली कशी? कारण ती मोजक्या, दीर्घायुषी मूळपेशींपर्यंत पोचली होती. पुढची सगळी कातडी त्यांच्यातूनच येत राहिली. मला या साऱ्या कहाणीतलं हेच सर्वांत मोठं वाटतं.

तोंडातल्या, अन्ननलिकेतल्या जखमांना मात्र हे पापुद्रे पुरत नाहीत. आजाराच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी अशाच पापुद्र्यांना अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. किंमत ३१ लाख डॉलर. कुठल्या घराला झेपेल? पण रुग्णाच्याच पेशींत जनुक घालण्याचं काम मुंबईत रक्ताच्या कर्करोगासाठी झालं आहे, आणि परदेशापेक्षा कितीतरी कमी खर्चात. कातडीसाठीही ते व्हायला हवं.

तोवर, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, बाळाला दाखवाल तेव्हा डॉक्टरांना जनुकचाचणीबद्दल जरूर विचारा. या आजाराची जनुकं अनेक आहेत, आणि बिघाड कुठल्या जनुकात आहे हे कळल्याशिवाय यातला कुठलाच उपचार निवडता येत नाही.