युद्ध नको, विजय चालेल

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘अमक्या राष्ट्राच्या रक्तातच लढाई आहे’ असं आपण फार सहज बोलून जातो. जर्मनांबद्दल तर हे शंभर वर्षं बोललं जातंय. आज मी त्याच जर्मनीची पाच-सहा वर्षं घेणार आहे, साधारण १९३८ ते १९४३, कारण त्या काळात लोकांच्या मनाचा माग काढता येतो. हुकूमशाहीत तो कसा लागणार, असं तुम्हाला वाटेल. पण निवडणुका गुंडाळल्या की लोक काय म्हणतात हे राज्यकर्त्यालाच चोरून ऐकावं लागतं. एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाची, सुरक्षा सेवा लोकांचं आपापसातलं बोलणं टिपून गुप्त अहवाल करत असे. परागंदा झालेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे त्याचे छुपे कार्यकर्ते वेगळी माहिती पोचवत. शिवाय परदेशी वार्ताहर होतेच. यांचं एकमेकांशी काडीचं सख्य नव्हतं, आणि तरी लोकांच्या मनःस्थितीबद्दल ते बऱ्याचदा एकच सांगतात.

२७ सप्टेंबर १९३८ ची संध्याकाळ घ्या. चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटन भागावरून युद्ध आता पेटतंय की मग पेटतंय, अशी अवस्था. बर्लिनच्या मध्यवस्तीतून एक यांत्रिक तुकडी काढण्यात आली. वेळ मुद्दाम निवडलेली: कचेऱ्या सुटायची. लोक रस्त्यावर येतील, सैन्य बघून बेभान होतील, परदेशी वकिलाती ते पाहतील, असा बेत होता. अमेरिकन रेडिओचा वार्ताहर विल्यम शायरर हे बघायला गेला होता. १९१४ सारखा, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हासारखा, जल्लोष दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात माणसं मान खाली घालून भुयारी रेल्वेच्या जिन्यात शिरत होती. जी थांबली, ती गप्प उभी होती. हिटलर सज्जात आला तेव्हा खाली चौकात दोनशे माणसंही नव्हती, असं शायररनं लिहून ठेवलंय. हिटलरचा चेहरा उतरला, मग तो चिडला आणि आत निघून गेला.

तीनच दिवसांनी म्युनिक करार झाला आणि सुडेटन भाग लढाईविनाच जर्मनीला मिळाला. त्याच म्युनिकच्या रस्त्यांवर जर्मन लोकांनी जयजयकार केला तो छत्रीवाल्या म्हाताऱ्या चेंबरलेनचा, ब्रिटनच्या पंतप्रधानाचा. का, तर त्यानं युद्ध टाळलं! चेक लोकांचा देश मोडला जातोय, याची खंत त्या जयजयकारात शोधू नका. ती नव्हती.

लोक इतके धास्तावलेले का होते? कारण मागच्या युद्धात वीस लाखांच्या आसपास जर्मन सैनिक मेले होते. आपल्याकडे साताऱ्याच्या बाजूला, अपशिंग्यासारख्या गावांत, त्याच महायुद्धावर गेलेल्या माणसांच्या स्मृतीचे दगड आहेत. जर्मनीत असा दगड जवळजवळ गावोगाव आहे आणि त्यावर नावांची रांग आहे. त्यात भर म्हणजे १९१६-१७ चा तो हिवाळा. बटाटे संपले आणि लोकांनी सलगमवर दिवस काढले. चाळिशीच्या प्रत्येक बाईला तो आठवत होता.

‘मग १९१४ ची ती गर्दी?’ हा प्रश्न येतोच. इतिहासकारांनी ते चित्रही बरंच खरवडलंय. जल्लोष झाला, पण मुख्यतः मोठ्या शहरांत, मध्यभागी, विद्यार्थी आणि सुस्थितीतल्या लोकांत. त्याच जुलैच्या अखेरीस लाखो जर्मन कामगार युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. फ्रान्समध्ये खेड्यांतल्या शिक्षकांनी करून ठेवलेल्या नोंदी तपासल्या, तर सैन्याच्या जमवाजमवीची बातमी ऐकून लोक सुन्न झाले, बायका रडल्या, असंच जास्त आढळतं. म्युनिकच्या ओडिऑन्सप्लाट्झ चौकातला २ ऑगस्टचा फोटो तुम्ही पाहिला असेल, ज्यात तरुण हिटलर दिसतो म्हणतात. त्या फोटोच्या खरेपणावर शंका घेतली गेली आहे. पण ते बाजूला ठेवा. त्याच सभेच्या चलचित्रात चौकाचा बराच भाग मोकळा दिसतो. छायाचित्रकारानं गर्दी होती तिकडे कॅमेरा वळवला. त्याचं ते कामच आहे म्हणा!

लोकांना युद्ध नकोय हे हिटलरइतकं कोणालाच नीट कळलं नव्हतं. १० नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं जर्मन वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींपुढे एक गुप्त भाषण केलं. त्याची तक्रार अशी: परिस्थितीमुळे मला वर्षानुवर्षं शांततेचीच भाषा करावी लागली, आता लोकांना ती खरी वाटायला लागली आहे. तेव्हा त्यांचं मन पालटायला हवं. परराष्ट्रातल्या घटना अशा मांडा की बळाची मागणी हळूहळू लोकांच्या आतूनच उठेल. असं उघड बोलणारा राज्यकर्ता विरळा. एरवी हे काम न सांगताच होतं, आणि कागदपत्रं उरत नाहीत.

पुढच्या एप्रिलमध्ये हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बर्लिनमध्ये चार तासांहून जास्त संचलन चाललं. रणगाडे, तोफा, वर विमानं. या खेपेला लोक लोटले, मुलांना खांद्यावर घेऊन आले. सात महिन्यांपूर्वीचं तेच शहर, तेच सैन्य. फरक इतकाच की सप्टेंबरातलं सैन्य लढायला निघाल्यासारखं दिसत होतं आणि एप्रिलमधलं संध्याकाळी बराकीत परतणार होतं.

सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हाही हर्ष नव्हता. १० ऑक्टोबरला ब्रिटिश सरकार कोसळलं, तह झाला, अशी अफवा बर्लिनमध्ये उठली. मंडईतल्या भाजीवाल्यांनी आनंदानं कोबीचे गड्डे हवेत फेकले, असं शायररच्या कानावर आलं. मला हा प्रसंग फार आवडतो. पण त्याच शायररची दुसरी नोंद वाचली की तोंड कडू होतं. पोलंडच्या विध्वंसात काही चूक आहे असं मानणारा जर्मन, अगदी नाझींना नापसंत करणाऱ्यांतलासुद्धा, मला अजून भेटला नाही, असं तो त्याच सुमाराला लिहितो.

माझं म्हणणं इथं येऊन थांबतं. लोकांना युद्ध नको होतं ते बिलाच्या भीतीनं. बिल दुसऱ्याच्या नावावर निघतंय असं दिसलं की त्यांची हरकत मावळायची. ६ जुलै १९४० ला फ्रान्सला हरवून हिटलर बर्लिनला परतला तेव्हा स्टेशनपासूनचा रस्ता फुलांनी झाकला होता. एकट्या व्हर्दँच्या लढाईत १९१६ साली लाखाहून जास्त जर्मन मेले होते आणि हाती काही लागलं नव्हतं. आता सहा आठवड्यांत पॅरिससकट सगळं मिळालं, आणि तेव्हाच्या अधिकृत आकड्यानुसार मेले सुमारे २७,०००. शिवाय आता इंग्लंडही तह करेल, युद्ध संपलंच, अशी समजूत. ती फुलं विजयाची होती तशी सुटकेचीही होती.

युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला. तिथल्या कोठडीत एप्रिल १९४६ मध्ये हिटलरचा जवळचा सहकारी ग्योरिंग तुरुंगातल्या मानसशास्त्रज्ञाला म्हणाला की सामान्य माणसाला युद्ध नकोच असतं, पण तुमच्यावर हल्ला होतोय एवढं सांगितलं की तो मागे येतो. हे वाक्य शांततावादी मोठ्या प्रेमानं उद्धृत करतात. मला त्यात एक सोय दिसते. त्यात जनता भाबडी ठरते, फसवलेली ठरते. पोलंडमधून, फ्रान्समधून सैनिकांनी घरी धाडलेली पार्सलं उघडणाऱ्या हातांचा त्यात उल्लेख नाही.

बिल आलं ते १९४१ च्या हिवाळ्यापासून. प्रचारमंत्री गोबेल्सनं रशियातल्या जवानांसाठी लोकरी कपडे आणि फरचे कोट मागितले. लोकांनी दिले, आणि देताना सैन्य थंडीच्या तयारीविनाच गेलंय हेही ओळखलं. मग रशियातल्या स्टालिनग्राडचा पराभव. १८ फेब्रुवारी १९४३ ला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये गोबेल्सनं विचारलं, तुम्हाला सर्वंकष युद्ध हवंय का? निवडून बोलावलेल्या हजारोंनी ‘हो’ म्हणून छप्पर डोक्यावर घेतलं. रेडिओवरून ते देशभर ऐकवलं गेलं. त्यावर रूरच्या कोळसापट्ट्यात एक चारोळी फिरू लागली. ब्रिटिश वैमानिकाला विनवणी होती ती: बाबा रे, आम्ही खाणीतली माणसं, तू पुढे बर्लिनला जा, ‘हो’ म्हणून तिकडचे ओरडले. मार्चमध्ये ब्रिटिश विमानांनी मोठी मोहीम उघडली ती रूरवरच. बर्लिनवरची नोव्हेंबरात सुरू झाली.