सडून की सुकून?

मित्रहो, आणि समोर बसलेल्या सगळ्या बाई,

मला विषय दिलाय 'माध्यमिक शाळेत प्रकल्प आणि संचिका', संचिका म्हणजे मुलाच्या कामाची फाईल, पोर्टफोलिओ. तो ऐकूनच तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर थर्माकोलचा ज्वालामुखी आला असणार. माझ्याही आला. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. तीस वर्षांत असे किती ज्वालामुखी विझवले, त्याची मोजदाद नाही.

आता तर तेवढीही मेहनत उरलेली नाही. तालुक्याच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतो. "जलप्रदूषण द्या एक," म्हटलं की प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, ऋणनिर्देश, सगळं छापील. मुलानं नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा. एका वर्षी माझ्या वर्गात अकरा मुलांनी एकाच नदीची पाहणी केली होती. ती नदी आमच्या जिल्ह्यातून वाहतसुद्धा नाही. मी सगळ्यांना गुण दिले. आपण सगळेच देतो, म्हणून सांगतोय.

आमचं गाव कांद्याचं. नववीतल्या एका मुलीच्या घरी जुनं भांडण होतं. वडील म्हणायचे कांदा साठवणीच्या चाळीतच टिकतो, आजी म्हणायची पडवीत ठेवा, डोळ्यांसमोर राहतो. मी विषयांची यादी वाचत होतो, पाणी वाचवा, झाडे लावा, आणि ही पोरगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, आमच्या आजीचं खरं की पप्पांचं, हे बघितलं तर चालेल का?" यादी तिथंच मिटली.

जूनअखेरीला तिनं उन्हाळ कांद्याचे दोन क्रेट भरले, वीस-वीस किलोचे. एक चाळीत, एक पडवीत. दर रविवारी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. शंभर पानी वही, डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर काय दिसलं ते. तिसऱ्या रविवारी मी वही बघितली, तर पडवीच्या क्रेटचा आकडा खोडलेला. नुसता खोडलेला नाही, पेन फिरवून फिरवून कागद फाटायला आला होता. उजेडात धरला तेव्हा दिसलं, १९.५. आदल्या आठवड्यात होते १९.३.

"खोडलंस का?"

"सर, कांदा वाढेल कसा?"

तिला वाटलं आपलं चुकलं, म्हणून तिनं १९.१ लिहून टाकलं होतं. म्हणजे काय व्हायला पाहिजे ते तिला माहीत होतं आणि तेच तिनं लिहिलं. (आपल्या प्रयोगशाळेच्या जर्नलमध्ये आपण हेच तर शिकवतो. गुरुत्वत्वरण ९.८ आलं नाही तर आणायचं.) मी म्हटलं, खोडलेलं पुन्हा लिही, आणि घरी जाऊन क्रेट उचकून बघ. क्रेटला आतून गोणपाट लावलं होतं. पडवीच्या कौलातून गळणारं पाणी त्या गोणपाटानं पिऊन घेतलं होतं. खालच्या थराला काळी काजळी धरायला लागली होती. खोडलेल्या आकड्यानं जे सांगितलं ते नंतर लिहिलेल्या आकड्यानं कधीच सांगितलं नसतं.

मी संचिका म्हणतो ती एवढीच. आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात संचिका केल्या, आठवतं का? २०१० नंतर. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, प्रत्येकाचा रकाना. कल्पना चांगली होती, पण मुलाची उत्तम चित्रं आणि सुवाच्य निबंध फाईलला लावले आणि फाईल कपाटात गेली. बिघडलेलं काही त्यात कधी गेलंच नाही.

ऑगस्टमध्ये सादरीकरण ठेवलं. मी मुद्दाम गावातल्या एका व्यापाऱ्याला बोलावलं होतं, आयुष्य कांद्याच्या वखारीत गेलेला माणूस. मुलगी छान बोलली. दोन्ही क्रेटमध्ये घट आली, पडवीत जास्त, आलेखसुद्धा काढला होता. तो गृहस्थ शांतपणे ऐकत होता. मग विचारलं, "पोरी, घटलं ते सडून की सुकून?"

ती गप्प. मीही गप्प, कारण मलाही हे सुचलं नव्हतं. सुकला तर वजन जातं पण माल विकतो, सडला तर शेजारच्या कांद्यालाही घेऊन जातो. त्या रविवारपासून तिच्या वहीत रकाने वाढले: सडलेले वेगळे, कोंब आलेले वेगळे, चांगले वेगळे, प्रत्येकाचं वजन वेगळं. मी कुठल्याही सूचनापत्रकात ते लिहिलेलं नव्हतं.

असं बाहेरच्या माणसापुढं मुलाला उभं करणं हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डेबोरा मायर नावाच्या बाईंनी १९८५ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, गरीब वस्तीत, सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल काढलं. तिथं शाळा संपवायची तर चौदा संचिका पूर्ण कराव्या लागत. गणित, विज्ञान, इतिहास, साहित्य होतेच, पण पहिली संचिका कशाची? शाळेनंतर मी काय करणार आहे, याची. आत्मचरित्राची एक, समाजकामाची एक. त्यातल्या सात समितीपुढं सविस्तर मांडायच्या, आणि समितीत शिक्षकांबरोबर मुलानं स्वतः निवडलेला एक मोठा माणूस आणि एक विद्यार्थी. प्रश्न फिरून फिरून पाच प्रकारचे: कशावरून म्हणतोस, हे कोणाच्या नजरेतून आहे, याचा कशाशी संबंध, असं नसतं तर काय झालं असतं, आणि याचं महत्त्व काय. आमचा व्यापारी न्यूयॉर्कला गेलेला नाही, पण त्यानं पहिला प्रश्न बरोबर विचारला होता.

मायरबाई पुढं बॉस्टनला गेल्या आणि त्या शाळेची ती घडी टिकली नाही. हे मी लपवत नाही. ही पद्धत माणसांवर चालते, परिपत्रकावर नाही. तरी न्यूयॉर्कमध्येच तीसहून जास्त शाळा आजही बऱ्याचशा राज्यपरीक्षांऐवजी मुलांचं लेखन, संशोधन आणि प्रयोग समितीपुढं तपासतात, आणि राज्यानं त्यांना तशी सूट दिली आहे.

आणि एवढं लांब कशाला, पाबळ आहे ना. डॉ. श्रीनाथ कलबाग, हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ, नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम घेऊन बसले. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय बोर्डानं मान्य केला आणि कितीतरी शाळांनी घेतला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस हातानं काम. मुलं हिमोग्लोबिन तपासतात, माती तपासतात, वेल्डिंग करतात, आणि गावाला लागणारी कामं करून देतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठानं अमेरिकेबाहेर फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवून बघायची कार्यशाळा, काढायची म्हटल्यावर २००२ साली ती पाबळला काढली. वेल्डिंगचं एक बरं असतं. सांधा धरला नाही तर गेट पडतं, तिथं ऋणनिर्देश कामाला येत नाही.

आता गुणांचं. तुम्ही म्हणाल, सर, शाळेच्या हातातल्या गुणांवर कोण विश्वास ठेवतो? बरोबर आहे. २०१९ साली दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे अंतर्गत गुण काढून टाकले. अभ्यासक्रमही नवा होता, पण निकाल ८९.४१ वरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले, भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला, आणि निकाल ९५.३०. २०२१ साली परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं, निकाल ९९.९५. हे आकडे बघून कोणी म्हणालं की शिक्षकांच्या हातात काही देऊ नका, तर मला उत्तर सुचत नाही. मला एवढंच दिसतं की आपण बंद खोलीत गुण दिले. व्यापारी समोर बसला असता तर वीसपैकी वीस देताना माझा हात थोडा अडला असता.

दुसरी अडचण पटसंख्येची. मायरबाईंच्या शाळेत पंधराएक मुलांमागे एक मार्गदर्शक होता. माझ्या वर्गात चोपन्न. प्रत्येकाला पंधरा मिनिटं म्हटली तर साडेतेरा तास. आम्ही चार टेबलं मांडली, एका टेबलावर एक शिक्षक, एक गावकरी, एक दहावीचं पोर. चौदा फेऱ्या, साडेतीन तास. एका शनिवारच्या सकाळच्या शाळेत बसलं, थोडं लांबलं. गावकऱ्यांत एक नर्सताई, एक वायरमन, एक बचतगटाच्या काकू. वायरमननं एका मुलाला पाऊण तास धरून ठेवलं, ते टेबल कोलमडलं. पुढच्या वर्षी घंटा ठेवली.

सगळ्या चोपन्न प्रकल्पांचं सोनं झालं, असं नाही. पंधरावीस मुलांनी दुकानातलंच आणलं. पण टेबलावर बसून त्याबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ आली तेव्हा त्यांचीच कानशिलं लाल झाली. मला रागवावं लागलं नाही.

त्या मुलीच्या भांडणाचा निकाल विचाराल तर दिवाळीपर्यंत तिचे क्रेट रिकामे होत आले. पडवीत सडला जास्त, चाळीत सुकला जास्त. आजी म्हणाली, "कौल गळत होतं ते धरणार का नाही?" रास्त हरकत होती. तीही वहीत लिहिलेली आहे.

मार्चमध्ये ती मला विचारायला आली, "सर, दप्तरी द्यायच्या प्रकल्पवहीत पण ही खाडाखोड करायची का?" मी काय सांगणार? म्हटलं, तिथं नीट लिही. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिली, समास आखून, तिसऱ्या रविवारी १९.१ घालून. तपासणाऱ्यांना ती फार आवडली.

खरी वही मी आज बरोबर आणलीय. बाहेर चहाच्या टेबलावर ठेवतो. सहावं पान उजेडात धरून बघा. फक्त कोणी घरी नेऊ नका, तिला ती यंदा परत हवीय. कौल बदललंय.