पासवर्ड शाबूत, खाती मात्र दोन

(दृश्य : गोव्यात फोंड्याजवळचं जुनं घर. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला, टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, कांगलांची रानफळं. फोटोसाठी वर गेलेले फोन.)

चवथीचे दिवस. घुमट वाद्यावरची आरती संपते न संपते, तोच फोटो फेसबुकवर चढतो. गणपती, वर माटोळी, बाजूला सगळं गणगोत. खाली कॉमेंट पडायला लागतात. ‘काकी, यंदाची माटोळी झकास!’ ‘मामा, आम्ही उद्या येतो.’ कोण कुणाचा भाचा, कुणाचा मुलगा बोटीवर आहे, पणजीचा फ्लॅट किती दिवस बंद राहणार, सगळं त्या आठ-दहा ओळींत. नावाखाली, वेळेशेजारी पृथ्वीच्या गोलाचं बारीकसं चिन्ह दिसत असेल, तर हे जगात कुणालाही वाचता येतं. तो गोल म्हणजे ‘पब्लिक’.

मग एक दिवस ओळखीच्या कुणाचा तरी फोन येतो : ‘अरे, तुझं खातं हॅक झालंय.’ माणूस घाबरतो, पासवर्ड बदलतो. तरी त्याच्या नावाने फ्रेंड रिक्वेस्टी जातच राहतात. कारण हॅक काही झालेलंच नसतं. कुणीतरी प्रोफाइलचा फोटो उतरवून घेतलेला असतो, त्याच नावाचं नवं खातं उघडलेलं असतं आणि मित्रांची यादी समोर ठेवून एकेकाला रिक्वेस्ट धाडलेली असते. कुलूप फोडलंच नाही, तर ते बदलून काय उपयोग?

पुढचे मेसेजही ठरलेले. ‘माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, बदली झालीय, सोफा-फ्रिज स्वस्तात काढतोय.’ नाहीतर, ‘अर्जंट आहे, दहा हजार जीपे कर, संध्याकाळी देतो.’ बहुतेक वेळा हिंदीत. जन्मभर कोंकणी-मराठीत बोलणारा माणूस एकाएकी हिंदीत कसा शिरला, एवढी शंका आली तरी पैसे वाचतात. पण त्यावर फार दिवस विसंबू नये. भाषांतर करून देणारी साधनं चोराच्या फोनमध्येही आहेत.

(दृश्य : फोनचा पडदा, अगदी जवळून.)

म्हणून पहिलं काम पासवर्डचं नाही, यादीचं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू’ असा भाग आहे. त्यात तुमची मित्रयादी कोण पाहू शकतं, हा प्रश्न येतो. तिथे ‘ओन्ली मी’. बस. यादी दिसली नाही, तर नकली खात्याला गिऱ्हाइकं शोधत बसावं लागतं.

मात्र यादी झाकली आणि पब्लिक फोटोखाली सगळे नातेवाईक कॉमेंट करून बसले, तर चोराला यादी आयतीच मिळाली! तेव्हा जुने फोटोही आत घ्यायला हवेत. एकेक उघडत बसायची गरज नाही. ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ दाबलं की आजवरच्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. फेसबुकने २०२० मध्ये भारतात प्रोफाइल लॉकची सोय आणली, तीही चांगली. अनोळखी माणसाला मग तुमचा फोटो मोठा करून पाहता येत नाही.

इन्स्टाग्रामवर खातं प्रायव्हेट करणं हे एका बटणाचं काम. व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’पुरता ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, आणि मेसेजने आलेला कोड कुणी कितीही आर्जवं केली तरी सांगू नका. कारण इथे मात्र खातं खरोखरच हातचं जातं.

आता राहिला भाचा. तुम्ही सगळं बंद केलंत आणि त्याने तोच फोटो पब्लिक ठेवून तुम्हाला टॅग केलं, तर? ‘प्रोफाइल अँड टॅगिंग’मध्ये टॅग झालेल्या पोस्ट आधी तपासायची सोय लावली तर तो फोटो तुमच्या पानावर विचारल्याशिवाय येणार नाही. त्याच्या पानावर मात्र राहतोच. त्यावर सेटिंग नाही. भाच्याला सांगावं लागतं, आणि चवथीच्या आधी सांगितलेलं बरं.

(दृश्य : दोन एकसारखी प्रोफाइलं, शेजारी शेजारी.)

नकली खातं निघालंच, तर ते बऱ्याचदा खऱ्या माणसाला आधीच ब्लॉक करून ठेवतं. त्यामुळे तुम्ही शोधता आणि तुम्हाला काहीच सापडत नाही. अशा वेळी मित्राच्या फोनवरून पाहा. रिपोर्ट करण्याआधी त्या खात्याची लिंक कॉपी करून घ्या, स्क्रीनशॉट काढा. नाव आणि फोटो तो कधीही बदलेल. मग मित्रांनीच ‘प्रिटेंडिंग टू बी समवन’ असा रिपोर्ट करायचा. कुणाचे पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येतात, पण त्यासाठी तक्रार लवकर पोचायला हवी. पैसे गेले नसले, तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डीखाली गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. तक्रारीला ती लिंक जोडायला विसरू नका.