सही करण्याआधी यादी वाचा

(शिक्षकांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘पदोन्नती : पात्रता की सेवाकाळ?’ त्याच्यावर बोलणारच आहे. पण आधी एक विचारते. तुमच्या शाळेच्या सेवाज्येष्ठता यादीत, म्हणजे जिच्या क्रमाने पदोन्नती ठरते त्या यादीत, तुमच्या नावापुढे कोणती तारीख आहे, ते न बघता सांगता येईल अशांनी हात वर करा. ...सात. एवढ्या भरल्या सभागृहात सात. म्हणूनच मी आले.

मी जून 1985 मध्ये हायस्कूलला लागले, नुसती बी.एस्सी. तेव्हा आमच्या तालुक्यात गणित-विज्ञानाला माणूस मिळायचा नाही, त्यामुळे अप्रशिक्षित असूनही घेतलं. पुढे बिनपगारी रजा काढून बी.एड. केलं. घरात लहान मूल, सासूबाई म्हणाल्या, ‘तू जा, मी बघते.’ त्यांच्या जिवावर ते वर्ष निघालं. जून 1989 मध्ये निकाल लागला आणि त्याच महिन्यात मी परत वर्गावर उभी राहिले. त्याच ऑगस्टमध्ये शाळेत एक सर आले, बी.ए. बी.एड. होऊनच. उत्तम शिक्षक. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. आजही आमचं दिवाळीचं येणंजाणं आहे.

आता, महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतली, ज्येष्ठता कशी ठरवायची ते सांगणारी अनुसूची ‘फ’ तुम्हाला माहीत आहे. माध्यमिकला आधी कॅटेगरी बघतात, मग त्या कॅटेगरीत आल्याची तारीख. अप्रशिक्षित पदवीधर खालच्या पायरीवर; बी.एड. झालं की वरच्या सी कॅटेगरीत. म्हणजे माझी चार वर्षं तिथे मोजायची नव्हती. ते मला मान्य होतं, आजही आहे. पण कारकुनाने माझ्या नावापुढे निकालाची तारीख न लिहिता पदवीदानाच्या प्रमाणपत्रावरची तारीख लिहिली. फेब्रुवारी 1990. जून आणि फेब्रुवारीच्या मधे ऑगस्ट येतो. एका ओळीने मी त्या सरांच्या खाली गेले.

आणि ही यादी दरवर्षी माझ्यासमोर आली! शिपाई मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आणायचा, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेन. ‘बाई, इथं.’ मी सही करायची. जवळजवळ तीस वर्षं. गणिताची बाई मी, मुलांच्या वहीतली एक चूक सोडत नव्हते.

जून 2019 ला मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागी सरांची ऑर्डर निघाली, तेव्हा मी पहिल्यांदा यादी वाचली. त्या रात्री झोप लागली नाही. संस्थेला अर्ज दिला. संस्था म्हणाली, सह्या तुमच्याच आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले. तारखा पडत गेल्या. डिसेंबरात पत्र आलं: इतकी वर्षं तुम्ही हरकत घेतली नाही, आता विचार करता येत नाही. तोवर शाळा न्यायाधिकरणात अपिलाची तीस दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. पदोन्नतीत डावललं तर खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या अधिनियमाच्या कलम 9 खाली अपील करता येतं, हे मला वकिलांकडे गेल्यावर कळलं. उशीर माफीचा अर्ज करू म्हणाले. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, घरात आजारपण होतं. मी नाही केला. करायला हवा होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मूळ विषय पटकन घेते.

पात्रता की सेवा, हा वाद आपण फार घालतो. नियमाने दोन्ही मागितलंय. माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड., पदवीनंतर पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची, असे पात्र जितके, त्यांच्यातला ज्येष्ठ. कॅटेगरी एक, तारीखही एक, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. मला हे न्याय्य वाटतं. नुसती वर्षं मोजली तर शिकायची गरज उरणार नाही, आणि नुसत्या पदव्या मोजल्या तर वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्याची किंमत शून्य. माझ्या पाहण्यात बहुतेक अन्याय झाला तो चुकीच्या तारखेने. त्याच नियमावलीतला नियम 12 सांगतो की यादी सर्वांना फिरवायची, प्रत मिळाल्याची सही घ्यायची, हरकतींचा विचार करायचा, वाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यायचा. सही प्रत मिळाल्याची आहे, मजकूर कबूल असल्याची नाही! म्हणून प्रत हातात घ्या. हरकत त्याच आठवड्यात लेखी द्या, पोच घ्या. आणि प्रत्येक तारखेपुढे तिचा आधार लिहिलेला असावा, निकालपत्र की प्रमाणपत्र, ही मागणी संघटनेने लावून धरावी.

पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, जुन्या शिक्षकांनाही लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. बाकीच्यांना दोन वर्षं दिलीत. पन्नाशीतल्या माणसाला परीक्षेला बसवणं मला क्रूर वाटतं, आणि त्यावर भांडायलाच हवं. पण भांडताना फॉर्म भरायचा राहू देऊ नका.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. चहाला मी इथेच आहे. ज्यांनी यादीची प्रत आणली असेल त्यांनी निकालपत्र घेऊन माझ्याकडे या, चष्मा आणलाय.