डब्याचे वय आणि बदलण्याची वेळ

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लेथवर शिवाजी उद्यमनगरात आजही काम चालते, हे आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या शेडमधून माहीत आहे. बेड घासून पुन्हा सरळ करतात, मोटार बदलतात, गिअर नवे कापून घेतात, आणि यंत्र भंगारात घालावे असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे एखाद्या महानगराने भुयारी रेल्वेचे जुने डबे काढून नव्या डब्यांसाठी हजारो कोटी रुपये मोजले, असे ऐकले की कोल्हापूरचा माणूस पहिल्यांदा विचारतो : दुरुस्त का करत नाहीत? माझ्या नोकरीची बरीच वर्षे मुंबईच्या कारशेडमध्ये गेली आणि तिथेही हाच प्रश्न रोज समोर असे. मला तो अत्यंत योग्य वाटतो, म्हणूनच आज त्याचे उत्तर नीट, तपशिलाने द्यायचे आहे.

उदाहरण न्यूयॉर्कचे घेतो. तिथली भुयारी रेल्वे 27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झाली; आज तिच्याकडे सुमारे साडेसहा हजार डबे आहेत आणि ती रात्रीही थांबत नाही. तिथे डब्यांची प्रत्येक खेप कंत्राटाच्या क्रमांकाने ओळखली जाते. 1964 पासून आलेले 'आर 32' हे 600 डबे फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने स्टेनलेस स्टीलमध्ये बांधले होते. त्यांच्यानंतर, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, सेंट लुईसमध्ये बांधलेले 'आर 44' आले. हे डबे अधिक लांब आणि अधिक वेगासाठी आखलेले होते, मात्र त्यांच्या भार पेलणाऱ्या सांगाड्यात कार्बन स्टील होते. पुढे 'आर 32' टप्प्याटप्प्याने भंगारात निघू लागले, आणि नेमक्या त्याच काळात, 2009 च्या अखेरीस, 'आर 44' च्या सांगाड्यातच दोष सापडले. वयाने लहान असलेले हे डबे भुयारी मार्गांवरून आधी गेले, आणि निरोपाच्या रांगेत उभ्या असलेल्या 'आर 32' पैकी काहींना परत कामावर राहावे लागले. त्यांची शेवटची फेरी 9 जानेवारी 2022 रोजी झाली, म्हणजे सुमारे 57 वर्षांनी. गंज आतल्या सांध्यात बसला की बाहेरच्या चकाकत्या पत्र्यावरून काहीच कळत नाही, हे ओतकाम आणि जोडकाम करणाऱ्या माणसांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. जन्मतारीख पाहून डबा बाद करता येत नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

मग वय मोजायचे कशाने? रेल्वे चालवणारे लोक दोन बिघाडांमध्ये डबा सरासरी किती अंतर धावतो, हे मोजतात. न्यूयॉर्कमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा सात हजार मैलांच्या आसपास घसरला होता. दारे अडकत, मोटारी बंद पडत, आणि एका डब्याने मान टाकली की त्याच्या मागची सगळी वाहतूक भुयारात खोळंबे. 1982 पासून तिथे मोठी भांडवली योजना हाती घेण्यात आली. काही नवे डबे घेतले गेले, पण त्याच वेळी जुने डबे मुळापासून उघडून दुरुस्त केले गेले, आणि भाग बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने तो बदलण्याची शिस्त आली. पुढच्या दोन दशकांत हाच आकडा एक लाख मैलांपलीकडे गेला. दुरुस्तीची ताकद किती मोठी असते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही, आणि तो मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण नव्याच्या बाजूने बोलणारे लोक तो सहसा सांगत नाहीत.

तरीही दुरुस्तीला मर्यादा येतात. पहिली मर्यादा सुट्या भागांची आहे. बड, 'आर 44' बांधणारी सेंट लुईस कार आणि त्यानंतरची 'आर 46' ही खेप बांधणारी पुलमन स्टँडर्ड या तिन्ही कंपन्यांनी रेल्वेचे प्रवासी डबे बनवणे केव्हाच थांबवले. ब्रेकच्या एखाद्या बीडाच्या भागासाठी जुना नमुना समोर ठेवून पॅटर्न करता येतो आणि आपल्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत तो उत्तम ओतलाही जाईल. पण नियंत्रणाच्या पेटीतला तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रॉनिक भाग ओतून मिळत नाही. तो बाजारातून गेला की एका डब्याचे काढून दुसऱ्याला लावणे सुरू होते. कारशेडच्या मागच्या रुळावर असे भाग काढून घेतलेले दोन-तीन डबे उभे दिसू लागले, की ती खेप आतून संपत आली आहे हे आम्ही ओळखत असू.

दुसरी मर्यादा डब्याच्या बाहेरून येते. मुंबईत पहिली विजेची लोकल 3 फेब्रुवारी 1925 रोजी 1500 व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली. पुढे हे सगळे जाळे 25 हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्यात आले आणि ते काम 2016 मध्ये हार्बर मार्गावर पूर्ण झाले. बदलाच्या मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या लागल्या, आणि जुन्या गाड्यांपैकी ज्यांची चाके, बोगी (म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा), सांगाडा धडधाकट होते त्यांनाही जावे लागले, कारण डोक्यावरच्या तारेतली वीजच बदलली होती. मला तेव्हा त्या डब्यांविषयी वाईट वाटले होते, पण निर्णय बरोबर होता.

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कितीही चांगली दुरुस्ती तिच्यापुढे अपुरी पडते. आपल्या शाहू टर्मिनसवर महालक्ष्मी एक्सप्रेस सुटण्याच्या बरीच आधी फलाटाला लागते, त्यामुळे सामान घेऊन सावकाश चढता येते. भुयारात गाडी अर्ध्या मिनिटात सुटायला हवी, आणि तेवढ्यात शेकडो माणसे उतरणार, शेकडो चढणार. 'आर 46' चा डबा 75 फुटांचा आहे. असे आठ डबे जोडले की 600 फुटांची गाडी होते आणि एका बाजूला 32 दारे मिळतात, प्रत्येक 50 इंच रुंद. त्यांच्या जागी येणारा कावासाकीचा 'आर 211' हा डबा 60 फुटांचा आहे. तेवढ्याच लांबीत असे दहा डबे बसतात, दारे 40 होतात आणि प्रत्येकाची रुंदी 58 इंच असते. गुणाकार केला तर फलाटाकडे उघडणारी वाट सुमारे 133 फुटांवरून 193 फुटांवर जाते. ना फलाट लांबवावा लागतो, ना नवे भुयार खणावे लागते. प्रत्येक स्थानकावर वाचलेले काही सेकंद पुढच्या गाडीला जवळ येऊ देतात, आणि गाड्यांमधले अंतर कमी करणारी नवी सिग्नल यंत्रणाही या डब्यांत बसवूनच येते. जुन्या डब्याचे दार रुंद करायचे म्हटले तर त्याची भिंतच कापावी लागेल, आणि डब्याचा भार पेलण्यात त्या भिंतीचाही वाटा असतो.

राहिला प्रश्न वेळेचा. 'आर 211' चे कंत्राट 2018 मध्ये दिले गेले. 'आर 46' डबे 1975 ते 1978 या काळातले, म्हणजे तेव्हाच त्यांनी चाळिशी गाठली होती. पहिली नवी गाडी प्रवाशांना 10 मार्च 2023 रोजी मिळाली. डब्यातून डब्यात मोकळे चालत जाता येईल अशी गाडी 1 फेब्रुवारी 2024 रोजी. मधल्या पाच वर्षांत जुन्या डब्यांना रोज धावायचेच होते. नवे येणार म्हणून जुन्यांवरचा खर्च आवरता घेण्याचा मोह प्रत्येक लेखा विभागाला होतो, आणि त्याच काळात बिघाड वाढून प्रवाशाचे सर्वाधिक हाल होतात. कोलकात्यात देशातली पहिली मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 रोजी सुरू झाली. तिथे वातानुकूलित गाड्या 2010 मध्ये आल्या, पण बिनवातानुकूलित जुन्या गाड्यांना निरोप मिळाला तो 24 ऑक्टोबर 2021 रोजी. ही अकरा वर्षे दोन्ही पिढ्यांचे सुटे भाग, दोन्हींचे तंत्रज्ञ आणि दोन्हींची कोष्टके सांभाळावी लागली.

आपल्याकडे लोकलच्या डब्याचे आयुष्य 25 वर्षांचे धरतात. मुंबईत सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या नव्या लोकल 2007 पासून धावू लागल्या. त्यांतल्या पहिल्या गाडीची 25 वर्षे 2032 मध्ये भरतील. कंत्राटापासून पहिल्या फेरीपर्यंत न्यूयॉर्कला लागली तशी पाच वर्षे धरली, तर तिच्या जागी येणाऱ्या गाडीचे कंत्राट 2027 मध्ये द्यावे लागेल. दारे किती, किती रुंद, कोणत्या सिग्नलसाठी, हे तर त्याच्याही आधी ठरलेले असायला हवे. त्या वेळी जुनी गाडी मात्र रोजच्यासारखी, बऱ्या अवस्थेत, माणसांनी भरून कल्याणकडे निघालेली असेल.